मुलाखतीआधी सलमाबादला

अकरा वर्षं मी डक्टची ड्रॉइंग्ज काढते आहे. हॉस्पिटलात, मॉलमध्ये, ऑफिसात वरचं छत दिसतं ते खोटं असतं. त्याच्या वर पत्र्याच्या मोठमोठ्या चौकोनी नळ्या पसरलेल्या असतात आणि त्यांतून एसीची गार हवा फिरते. त्या कुठून जाणार, कुठे वळणार, कुठल्या बीमखालून निघणार हे कुणीतरी आधी काढून द्यावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. बहरीनला, मनामातल्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, इकडे लॅपटॉप आणि तिकडे निवडायला घेतलेली मेथी. काम येतं पुण्याहून, कोचीहून, दुबईहून, छोट्या छोट्या ऑफिसांकडून. मी काढून देते, ते पुढे पाठवतात.

प्रत्येक ड्रॉइंगच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. कोणी काढलं, कोणी तपासलं, तारीख. 'कोणी काढलं'समोर ती ऑफिसं आपल्या पगारी माणसाची आद्याक्षरं घालतात. माझी कधीच नव्हती, कारण मी बाहेरची. खरं सांगायचं तर मी ते मनावरही घेतलं नव्हतं. काम दिलं, खलास, पुढचं काम.

मनावर घ्यायची वेळ आली ती गेल्या हिवाळ्यात. इंग्लंडमधल्या एका ऑफिसची मेल आली. कायमची नोकरी, घरी बसून काम, त्यांच्या टीममध्ये इतरांसारखंच माझं नाव. सोमवारी दुपारी दोनला ऑनलाइन मुलाखत. आणि खाली एक ओळ, की तुम्ही स्वतः काढलेली पाच ड्रॉइंग्ज आधी पाठवा. मी आपली खुशीत फोल्डर उघडून बसले. एक उघडलं, दुसरं उघडलं, दहावं उघडलं. अकरा वर्षांच्या कामात माझं म्हणून दाखवावं असं एकही पान नव्हतं.

मला ती नोकरी हवी होती, अगदी मनापासून हवी होती. घर चालत होतं, अडलं काही नव्हतं. पण एकदा, आयुष्यात एकदा तरी, कुणी तिऱ्हाइताने म्हणावं की हे हिने काढलंय. एवढंच हवं होतं आणि त्याच्यापायी माझी झोप उडाली होती.

तयारीला मी मुलीला धरलं. ती चौदा वर्षांची, इंग्रजी शाळेतली, आम्ही मराठीत विचारावं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावं असा घरचा रिवाज. कॅमेरा तोंडासमोर यावा म्हणून तांदळाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवला आणि ती समोर पाय दुमडून साहेब होऊन बसली. 'टेल मी अबाउट युअरसेल्फ.' मी त्याचं उत्तर चार पानं लिहून काढलं होतं आणि शाळेत विज्ञानाच्या व्याख्या घोकायचो तसं घोकलं होतं. 'वी डिड वन हॉस्पिटल, वी डिड टू मॉल्स,' मी सुरू झाले.

'आई, हू इज वी?' तिने विचारलं.

खरंच, कोण होते 'आम्ही'? त्या हॉस्पिटलचे चार मजले मी एकटीने काढले होते, या टेबलावर, हिला ताप आला होता तेव्हा हिला मांडीवर घेऊन. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा 'वी'च आलं. कार्टीने कपाळावर हात मारला.

गुरुवारी मी शेवटी ते केलं. पाच चांगली ड्रॉइंग्ज निवडली, पुण्याच्या ऑफिसला विचारून घेतलं, प्रकल्पाची नावं झाकली, आणि ती झाकता झाकता 'कोणी काढलं'समोरची अक्षरं खोडून तिथे माझी घातली. दोन मिनिटांचं काम. त्यात खोटं काय होतं? काढलं मीच होतं. तरी खोडताना मी दाराकडे बघत होते, हेही सांगून टाकते.

संध्याकाळी नवरा आला. तो सलमाबादला, इथल्या कारखान्यांच्या भागात, एका वर्कशॉपमध्ये फोरमन आहे. टाक्या, लोखंडी जिने, पाइपांचे आधार असली कामं तिथे होतात. महाडकडचा माणूस, आयटीआय करून विशीतच इकडे आलेला. मी रत्नागिरीची डिप्लोमावाली. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही, पण माझ्या डोक्यात ते कायम होतं, खोटं कशाला बोलू. तो चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभा राहिला आणि स्क्रीनकडे बघायला लागला. हे नवलच होतं, कारण माझं काम त्याने कधी बघितलं नव्हतं आणि त्याचं मी.

'ही अक्षरं कधीपासून तुझी झाली?' त्याने विचारलं. माझं नाव कुठेच नसल्याचं रडगाणं त्याने माझ्याकडून रोज ऐकलं होतं.

'आजपासून. काढलंय कोणी मग?'

'काढलंयस तूच,' तो म्हणाला. 'पण हे ग्राइंडर मारलेलं आहे.'

मला कळेना. मग त्याने सांगितलं. जोड नीट जमला नाही की वेल्डर वरून ग्राइंडर फिरवतो. सगळं गुळगुळीत, चकचकीत दिसतं. 'तसलं मी आधी बाजूला टाकतो. आतून चांगलं असलं तरी. कारण आता मला कळणारच नाही ना, आत काय आहे.'

मला इतका राग आला. मी म्हटलं, 'अहो, मी काय तुमची वेल्डर आहे का? तुम्हाला यातलं काय कळतं?' तो कप धुऊन ठेवून आंघोळीला गेला. भांडण करायलाही माणूस समोर लागतो. मी भांड्यांवर राग काढला.

शुक्रवार अबोल्यात गेला. संध्याकाळी तोच म्हणाला, 'उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. एका वेल्डरची ट्रेड टेस्ट आहे.'

'सोमवारी माझी मुलाखत आहे, आणि तुम्ही मला वेल्डर बघायला नेताय?'

'हो,' म्हणाला. त्याच्यापुढे नेहमीसारखे हात टेकले आणि गेले.

सतरा वर्षांच्या संसारात मी त्या वर्कशॉपच्या दारातून आत कधी गेले नव्हते. दोनदा गाडीत बसून वाट बघितली होती तेवढीच. शनिवारी कामावर माणसं कमी होती. मोठी पत्र्याची शेड, जमिनीवर लोखंडाची पूड, आणि आत शिरताच माझा नवरा बदलला. कसा ते सांगता येणार नाही. घरात तो कोपऱ्याकोपऱ्याने वावरतो, टीव्हीच्या रिमोटलाही विचारून हात लावतो. इथे तो मधोमध चालत होता आणि लोक न बोलता वाट देत होते.

वेल्डर पंचेचाळिशीचा असेल, बिहारकडचा, दाढी पांढरी व्हायला लागलेली. त्याची आधीची कंपनी बंद पडली होती आणि त्याची सर्टिफिकेटं तिथल्या कुठल्या कपाटात राहिली ते देवाला ठाऊक. वर्कशॉपच्या ऑफिसने त्याचा अर्ज बाजूला ठेवला होता. माझ्या नवऱ्याने तो काढून घेतला होता. 'कागज छोड़ो,' तो त्याला म्हणाला, 'काम दिखाओ.' आणि दोन जाड लोखंडी पट्ट्या टेबलावर ठेवल्या. या दोन्ही जोडायच्या, बस.

मला वाटलं, आता मशीन सुरू होणार, ठिणग्या उडणार. तो माणूस मशीनजवळ गेलाच नाही. त्याने पट्ट्या उचलल्या, कडेवरून बोट फिरवलं, आणि विचारलं, 'साहब, ये लगेगा किसमें?'

'टंकी में.'

'पानी की? ऊपर रहेगी या ज़मीन में?'

नवऱ्याने उत्तर दिलं आणि हातातल्या कागदावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. मग तो माणूस कामाला लागला. ब्रशने पट्ट्या घासल्या, वायर तपासली, ती खांद्यावरून मागे टाकली, दोनदा बसून बघितलं, तिसऱ्यांदा स्टूल हलवलं. एक लांब श्वास सोडला आणि तोंडावर मुखवटा ओढला. नवऱ्याने माझ्या हातात एक काळी काच दिली. 'यातूनच बघ. काच काढू नकोस.'

काचेतून आधी नुसता काळोख. मग मुगाच्या दाण्याएवढा एक उजेड पेटला. शेड नाही, माणूस नाही, हात नाही, फक्त तो उजेडाचा थेंब, आणि तो सरकत होता. वितळलेलं लोखंड होतं ते, पाण्यासारखं हलणारं, आणि तो माणूस त्याला इतक्या एका गतीने पुढे नेत होता की मी श्वास घ्यायची थांबले. थोडा वेग वाढला असता तर जोड कच्चा राहिला असता, कमी झाला असता तर भोक पडलं असतं, हे मला नंतर कळलं. पण तेव्हाही कळत होतं की मी काहीतरी फार मोठं बघते आहे. मी देवळात इतकी गप्प उभी राहिलेली नाही.

मग मी काच खाली करून नवऱ्याकडे बघितलं. तो हाताची घडी घालून उभा होता. एवढ्या वेळात त्याने पायावरचा भारसुद्धा बदलला नव्हता. जोडाकडे तो बघतच नव्हता. तो त्या माणसाचा खांदा, कोपर, मान बघत होता. या माणसाला मी सतरा वर्षं कोथिंबीर विसरला म्हणून बोलत आले होते, आणि याची नजर अशी होती हे मला ठाऊक नव्हतं. मला लाज वाटली आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

पट्टी गार झाल्यावर त्याने ती उलटी करून मागची बाजू बघितली. मग जोडावरून आडव्या चिंचोळ्या पट्ट्या कापून घेतल्या आणि एकेक प्रेसमध्ये घालून दाबल्या. जाड लोखंड माझ्या डोळ्यांसमोर वाकत गेलं, बरोबर जोडावरच, पार दुमडलं, दोन्ही टोकं समोरासमोर आली. जोड उघडला नाही, केसभर चीर नाही. नवऱ्याने वाकवलेल्या जागेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाला, 'ठीक है. कल से आओ.' तेव्हा कुठे तो माणूस स्टुलावर बसला आणि बाटलीभर पाणी एका दमात प्यायला.

परतताना गाडीत मी विचारलं, 'त्याने सुरुवात करायच्या आधीच तुम्ही काहीतरी लिहिलंत. काय ते?'

'पास लिहिलं.'

'आधीच?'

'त्याने विचारलं ना, लागणार कशात ते. जो न विचारता सुरू करतो, त्याचा हात कितीही चांगला असो, मला भीती वाटते.'

'मग ते वाकवायचं कशाला?'

'मी चुकलो असलो तर?' तो म्हणाला आणि सिग्नलला थांबला. मग म्हणाला, 'त्याच्याकडे कागद नव्हता. तुझ्याकडेपण नाही. तू त्यांना सांग, टेस्ट घ्या.'

घरी येऊन मी त्या पाचही ड्रॉइंग्जवरची अक्षरं होती तशी केली. मेलमध्ये लिहिलं, की काम माझं आहे, अक्षरं माझी नाहीत, ती बदलण्याचा मला हक्क नाही. पाठवलं आणि लॅपटॉप मिटला. आता ते मुलाखत तरी घेतात की नाही कोण जाणे, असं वाटून रविवारभर मी दर तासाला मेल उघडून बघत होते. संध्याकाळी नवऱ्याने मला टेबलाशी बसवलं, एक जुना प्लॅन उघडायला लावला आणि समोर हाताची घडी घालून उभा राहिला. मी माउस हातात घेतला. 'आधी विचार,' तो म्हणाला. मी पुन्हा माउस धरला. 'आधी विचार.' चार वेळा. इंग्रजीतलं एक वाक्य त्याने सुधारलं नाही, ती चार पानं त्याने बघितलीसुद्धा नाहीत. मुलगी सोफ्यावरून बघत होती, पण हसली नाही.

सोमवारी दुपारी दोन. मुलगी शाळेत, नवरा कामावर. स्क्रीनवर दोघं आली, एक तरुण बाई आणि एक वयस्कर इंजिनिअर. बाईंनी विचारलं, 'टेल मी अबाउट युअरसेल्फ.' पाठ केलेली चारही पानं डोक्यातून पार पुसली गेली होती. मी सरळ म्हणाले, की अकरा वर्षं मी हेच काम करते, या पाचही पानांवर माझं नाव नाही, ती मी काढली हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. तेव्हा तुम्हाला हवा तो प्लॅन द्या. आत्ता, तुमच्यासमोर काढते.

त्यांनी आवाज बंद केला. ती दोघं एकमेकांशी बोलत होती, ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. मग त्या इंजिनिअरने एक प्लॅन पाठवला, माझी स्क्रीन त्यांना दिसेल असं करायला सांगितलं आणि घड्याळ लावलं. पाऊण तास.

माझा हात माउसवर गेला. मी तो काढून मांडीवर ठेवला. विचारलं, छताच्या वर जागा किती आहे? या खोल्यांत पेशंट झोपणार की सामान राहणार? आणि या कॉरिडॉरमधून बीम जातो का? प्लॅनवर दाखवलेला नाही, पण हे दोन खांब बघता तो असायला हवा.

इंजिनिअर जरा पुढे सरकून बसला. 'बीम आहे,' तो म्हणाला, आणि त्याची उंची सांगितली.

मग मी काढायला घेतलं आणि ती दोघं आहेत हेच विसरले. पाऊण तास कुठे गेला कळलं नाही. भानावर आले ती त्या बाईंच्या आवाजाने. त्या जरा कडक आवाजात विचारत होत्या, 'तुमच्या खोलीत आणखी कोणी आहे का? तुम्ही सारख्या कुणाशी तरी बोलत होतात.'

मी काम करताना डक्टशी बोलते. मराठीत. 'तू जरा खाली सरक बघू. हां. आता तुला कुठे घालू? नको, तिकडे नको, तिकडे पाइप आहे.' एकटीने काम करून लागलेली सवय. आणि यांना वाटलं असणार, की बाजूला बसून मला कुणीतरी सांगतंय. झालं, इतकं सगळं करून हातचं गेलं. मी लॅपटॉप उचलला आणि सगळी खोली फिरवून दाखवली. मेथी, कुकर, दोरीवरचे शाळेचे मोजे. टेबलाखालीसुद्धा दाखवलं. म्हटलं, कोणी नाही हो, मी डक्टशी बोलत होते. मग प्रत्येक वळणावर मी काय बोलले आणि का, ते पहिल्यापासून इंग्रजीत सांगितलं. इथे खाली घेतला तो बीमसाठी, इथे तोंड वळवलं कारण पेशंटच्या अंगावर थेट गार हवा नको.

इंजिनिअर हसला. म्हणाला, मीपण बोलतो, पण माझी बायको म्हणते बंद कर. मग गंभीर होऊन त्याने विचारलं, 'काढायच्या आधी प्रश्न विचारायला तुम्हाला कुणी शिकवलं?'

इथे राहणारे आमच्याकडचे लोक बँकांत, ऑडिट कंपन्यांत. जनाबियाला कुणाच्या व्हिलावर हळदीकुंकवाला गेलं आणि मिस्टर काय करतात असं विचारलं, की मी म्हणायचे, इंजिनिअरिंग कंपनीत आहेत. सतरा वर्षं तेवढंच म्हणत आले. त्या दुपारी मी म्हणाले, 'माझ्या नवऱ्याने. ते वेल्डिंग फोरमन आहेत. ट्रेड टेस्ट घेतात.' हे म्हणताना माझा आवाज का भरून आला ते त्या दोघांना कळलं नसेल. मलाच तेव्हा नीट कळलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मेल आली. तीनदा वाचली. टीममध्ये तुमचं स्वागत आहे. तुमचं काम आम्ही पाहिलं. 'तुमचं काम' असे शब्द होते.

मी नवऱ्याला फोन लावला. वर्कशॉपमध्ये असताना तो कधी फोन उचलत नाही. त्या दिवशी पहिल्याच रिंगला उचलला. पलीकडे नुसता कल्लोळ, हातोडे, ग्राइंडर, क्रेनची घंटा. मी ओरडून सांगितलं, 'अहो, घेतलं मला.'

'काय?'

'घेतलं मला! काम माझंच आहे म्हणाले!'

मग फोन तोंडापासून लांब धरून तो ओरडल्याचं मला ऐकू आलं, 'मशीन बंद करो. सब बंद करो.' एकेक आवाज थांबत गेला. हातोडा थांबला, ग्राइंडर गुरगुरत गुरगुरत थांबला, शेवटी घंटाही थांबली. एवढ्या मोठ्या शेडमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

'हां,' तो म्हणाला. 'आता सांग.'